दोरीला हात लावणाऱ्याचा वाटा

मालवण

चि. मृणाल हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू म्हणालीस, "बाबा, पोस्टडॉक म्हणजे दोनच वर्षं. पुढे काय, कोणी सांगू शकत नाही." मला तेव्हा काही सुचलं नाही. फोनवर मला कधीच काही सुचत नाही, म्हणून लिहायला बसलोय.

इथे पीएचडीनंतरही काही असतं हेच कुणाला पटत नाही. नाक्यावर एकाने विचारलं, "डॉक्टर झाली ना? मग परत शाळा कशाक?" मी म्हटलं, आजवर गुरूच्या नजरेखाली शोधलं, आता स्वतःच्या प्रश्नासाठी पगार मिळणार. बरोबर सांगितलं ना?

तू पाठवलेली माहिती दोनदा वाचली. आयसीएसएसआरची, म्हणजे आपल्या सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची, फेलोशिप दोन वर्षांची, आपल्याच देशातल्या संस्थेत. युरोपातली मारी क्युरी फेलोशिप एक ते दोन वर्षांची, कुठल्याही देशाचा माणूस चालतो, फक्त ज्या देशात जायचं तिथे आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं नसावं. तू गोव्यापलीकडे कधी गेली नाहीस, तेव्हा ती काळजी मिटली! तिथल्या मार्गदर्शक बाईंना सोबत घेऊन अर्ज करायचा आणि मुदत बहुतेक सप्टेंबरात, म्हणजे ऐन गणपतीच्या धामधुमीत. त्या बाईंना पत्र मे महिन्यातच टाक.

आता तुझ्या संशोधनाच्या प्रस्तावाबद्दल. सुरुवात राज्यशास्त्राचे अभ्यासक रॉबर्ट पुटनम यांच्या इटलीवरच्या अभ्यासापासून केली आहेस. १९७० साली तिथे प्रादेशिक सरकारं आली, नियम सगळीकडे सारखेच, तरी उत्तरेत कारभार बरा चालला नि दक्षिणेत रखडला. उत्तरेत गायनमंडळं, खेळाचे क्लब जास्त. लोकांना एकत्र बसायची नि एकमेकांवर विसंबायची सवय. आपल्या भजनी मंडळात हे वाचून दाखवलं तर बुवा पेटी बाजूला ठेवून भाषणच ठोकतील. पण पुढे तू आपल्या रापणीवर दोनच ओळी लिहिल्यास, त्याही पुस्तकी. "सामूहिक मासेमारीची पारंपरिक पद्धत." अगो, तू स्वतः ती दोरी ओढली आहेस!

सात वर्षांची होतीस. होडीने जाळं अर्धगोल टाकलं, दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर आल्या, दोन्हीकडे वीस-पंचवीस माणसं. तू शेवटाला, ओल्या वाळूत टाचा रुतवून, ओढण्यापेक्षा लोंबकळतच जास्त होतीस. जाळं वर आलं, वाटे पडले: जाळ्याचा, होडीचा, माणसांचा. तांडेलाने चार तारल्या तुझ्या फ्रॉकच्या ओच्यात टाकल्या. दोरीला हात लावील त्याचा वाटा, हिशेब इतका सरळ. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते असल्याच गोष्टींसाठी ना? सरकारही नाही, मालकही नाही, तरी लोक सामाईक पाणी, मासे, रान नियम करून सांभाळतात. पुढे मोठ्या बोटींच्या पर्ससीन जाळ्यांविरुद्ध मोर्चे निघाले, २०१६ साली राज्य सरकारला निर्बंध घालावे लागले. त्या मोर्चांत पुढे कोण होते? हीच दोरी ओढणारी माणसं. तुझं नागरी सहभागाचं प्रकरण इथून सुरू होऊ दे.

पण गावाचे गोडवे गाऊ नकोस. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. १९८७ साली मी मच्छीमार सोसायटीचा नवा चिटणीस. वाडीतला एक जण पायवाटेच्या भांडणात गावकीला न विचारता कोर्टात गेला. सभेत डिझेलचा नि जाळ्यांच्या कर्जाचा विषय संपला आणि मग कोणीतरी त्याचं नाव काढलं. मी पेनाला टोपण लावलं. त्या दिवसापासून त्याला दोरीवर कोणी घेईना. त्याची आई वारली तेव्हा तिरडीला खांदा द्यायला बाहेरगावचे पाहुणे आले. मी घरात बसून होतो. वाळीत टाकण्याविरुद्ध आता २०१६ चा कायदा आहे, तेव्हा नव्हता, पण माझ्या हातात पेन तरी होतं.

प्रोसिडिंग बुकात त्याबद्दल एक ओळ नाही. तू सभासद मोजशील, सभा मोजशील, कोरम मोजशील, आणि १९८७ हे साल झकास दिसेल. दंग्यांचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांचं अलिगढ आणि कालिकतबद्दलचं म्हणणं तूच मला समजावलं होतंस: वेगवेगळ्या समाजांचे लोक एकाच संघटनेत असले तर दंगा आवरतो, नुसत्या आपापल्यांच्या संघटना पुरत नाहीत. आमची सोसायटी तशी आपापल्यांचीच. तुझी आई चाळीस वर्षं माशांची पाटी घेऊन बाजारात बसते, रजिस्टरात तिचं नाव कधी आलं नाही, आणि मीही कधी घातलं नाही.

त्या बाईंना हे लिही. रजिस्टरात कोण आहेत ते कुणीही मोजतं. कोण नाहीत, आणि ते कसे जगतात, हे विचारायला इथलीच मुलगी लागते.

आईचं म्हणणं, "जांव दे तिका. पण थंय तिका बांगडो कोण दितलो?" याचं उत्तर माझ्याकडे नाही. आमची काळजी म्हणून थांबणार असशील तर ते कारण प्रस्तावात चालणार नाही, इथेही चालणार नाही.

पावसाआधी एकदा येऊन जा. जुन्यांपैकी तीन बुकांना वाळवी लागली आहे. १९८७ चं अजून शाबूत आहे, पत्र्याच्या पेटीत कडुलिंबाचा पाला घालून ठेवलंय. पानापानाचे फोटो काढून ने. तो माणूस आता कुडाळला मुलाकडे असतो. मी येतो तुझ्याबरोबर. आधी मी बोलेन, मग तू तुझे प्रश्न विचार.

तुझे,
बाबा