हळदीच्या गोळ्या आणि ज्येष्ठांची स्मरणशक्ती

संपादक महोदय,

स्मरणशक्ती वाढावी, मन प्रसन्न राहावे म्हणून हळदीच्या अर्काच्या, म्हणजे करक्यूमिनच्या, गोळ्या अनेक ज्येष्ठ नागरिक स्वतःच्या मनाने घेऊ लागले आहेत. या दाव्यासाठी लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डॉ. गॅरी स्मॉल यांच्या २०१८ मधील अभ्यासाचा दाखला दिला जातो. स्मृतिभ्रंश नसलेल्या ४० जणांच्या त्या अभ्यासात, ज्यांना दिवसातून दोनदा ९० मिलिग्रॅम करक्यूमिन १८ महिने दिले गेले, त्यांची स्मरणचाचण्यांतील कामगिरी सुधारली हे खरे. परंतु ४० ही संख्या किती तोकडी आहे आणि ते करक्यूमिन रक्तात सहज शोषले जावे म्हणून खास तयार केलेले होते, हे कोणी सांगत नाही. अल्झायमरच्या रुग्णांवरील २०१२ मधील एका छोट्या चाचणीत तर फायदा आढळलाच नव्हता.

हळदीत करक्यूमिन जेमतेम तीन-चार टक्के असते आणि तेही शरीरात फारसे शोषले जात नाही. त्यामुळे आमटीतली चिमूटभर हळद (आम्हा सांगलीकरांची थोडी अधिकच) निर्धोक असते. गोळ्यांचे तसे नाही. शोषण वाढवण्यासाठी अनेक गोळ्यांत मिऱ्यातील पिपरीन मिसळतात. अशा गोळ्या घेणाऱ्यांपैकी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि वॉरफरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. उत्पादकांनी ही सूचना डबीवर ठळक मराठीत छापावी आणि औषध विक्रेत्यांनी गोळ्या देताना चालू औषधांची चौकशी करावी.

– एक ज्येष्ठ वाचक, सांगली