सुखात्म्यांचा काळा कोट

कोल्हापूर, रविवार

ती. आई-बाबांस,
सा. न.

तुम्ही दादाकडे नाशिकला गेल्यावर माळा आवरायला काढला. ट्रंकेत बाबांचा काळा कोट सापडला, नाटकातल्या सुखात्मे वकिलांचा. एक बाही कसरीने खाल्लीय.

कोट बघून राहवेना, म्हणून रात्री ‘शांतता! कोर्ट चालू आहे’चा सिनेमा लावला. सत्यदेव दुब्यांचा, १९७१चा, ब्लॅक अँड व्हाइट. तुमच्या बँकेच्या मंडळींनी केशवराव भोसले थिएटरला हे नाटक केलं तेव्हा मी आठ वर्षांची. आठव्या रांगेतून आरोपी झालेली बेणारेबाई एवढीशी दिसायची, आणि मी बघत होते फक्त बाबांना. बाबा, मान तिरकी करून तुम्ही उलटतपासणी घेत होता आणि अख्खं थिएटर हसत होतं. मीही.

सिनेमात सुटका नाही. सुलभा देशपांडे रंगमंचावरही बेणारे करायच्या, पण इथे गोविंद निहलानींचा कॅमेरा त्यांच्या तोंडापाशी नेऊन बसवतो. वेळ घालवायला मांडलेला खोटा खटला, भ्रूणहत्येचा आरोपही म्हणे गंमत, आणि बघता बघता तिचं हसू विरतं. बाकीचे काही जण मात्र अजून शेवटच्या रांगेसाठी बोलल्यासारखे वाटले मला. ज्या प्रोफेसर दामल्यांपासून तिला दिवस गेले, ते आलेलेच नाहीत. त्यांना कोण विचारतंय? बाबा, रागावू नका, पण सुखात्म्यांचा असा संताप आला! (तुम्ही काम फक्कड केलं होतंत, त्याचाही दोष असेल.)

आई, तू तिसऱ्या अंकात उठली होतीस. काशीकरबाई बेणारेला ओढत पिंजऱ्यात नेतात ना, तिथे. ‘पोरीला शू लागलीय’ म्हणालीस. मला लागली नव्हती. आपण बाहेर पायरीवर बसलो, तू पदराने वारा घेत होतीस, आणि टाळ्या पडेपर्यंत एक शब्द बोलली नाहीस. काल तीच जागा आली आणि मी सिनेमा थांबवून पाणी प्यायला उठले. उरलेला आज सकाळी पाहिला.

८ ऑगस्ट २०२४च्या रात्री थिएटर जळालं. दुसऱ्या दिवशी बाबा खासबागेच्या बाजूला तासभर उभे होते, आठवतंय. त्या रंगमंचावरचं आपल्या घरात हा कोटच तेवढा उरलाय.

रफू करून आणू, की टाकू? बाबा ‘ठेव’ म्हणणार, माहितीय. आई, तू सांग.

तुमची,
धाकटी