पूर्वज खलाशी होते, हे अभिमानाने सांगावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घराण्यातील पराक्रमी पूर्वजांविषयी आपल्या दैनिकाने वाचकांकडून मागवलेली पत्रे मी गेले काही आठवडे आवडीने वाचत आहे. आंग्र्यांच्या आरमारात तलवार गाजवणारे, गडावर हवालदारी केलेले, १९३० साली शिरोड्याच्या मिठागरावर लाठ्या खाल्लेले अशा अनेकांच्या आठवणी त्यांत आल्या आणि त्या सर्वांविषयी मला आदरच आहे. परंतु कोकण किनाऱ्यावरच्या अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या ज्यांची आठवण वीर म्हणूनच निघते, ते विलायती बोटींवरचे खलाशी या पत्रांत मला कुठेच दिसले नाहीत. ते दिसत नाहीत याला काही अंशी आपण वारसही जबाबदार आहोत असे मला वाटते, आणि म्हणूनच हे पत्र.

माझ्या आजोबांचे थोरले बंधू दुसऱ्या महायुद्धात मालवाहू बोटीवर होते. १९४२ साली टॉर्पेडो लागून ती बोट बुडाली आणि ते परत आले नाहीत. देह हाती न आल्यामुळे थोरल्या आजींनी पुढे कित्येक वर्षे कुंकू पुसले नाही. तिथी ठाऊक नसल्यामुळे त्यांचे पान आजही सर्वपित्री अमावास्येलाच वाढले जाते. घरात सांगितली जाणारी गोष्ट अशी की, ते बोटीवर सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे म्होरके होते, सगळ्यांना होड्यांत उतरवून ते स्वतः मात्र मागे राहिले. माळ्यावरच्या पेटीत पत्र्याच्या नळीत गुंडाळून ठेवलेला त्यांचा एक जुना दाखला, म्हणजे बोटीवाले ज्याला नल्ली म्हणत तो कागद, आजही आहे. बोटीचे नाव, चढल्याची आणि उतरल्याची तारीख, हुद्दा, काम आणि वर्तणूक या दोन्हींपुढे ‘उत्तम’ अशा अर्थाचे गोल शिक्के आणि सहीच्या जागी फिकट जांभळ्या शाईतला डाव्या अंगठ्याचा ठसा. हुद्द्याच्या रकान्यात सारंग असे लिहिलेले नाही, साधा खलाशी असे लिहिले आहे.

घरातील काही वडीलधाऱ्यांना हा कागद चारचौघांत दाखवणे आवडत नाही. त्यांचे प्रेम मी जाणतो, पण त्यांचे म्हणणे मला पटत नाही. बोट बुडू लागली की होड्या सोडण्याचे, दोर सांभाळण्याचे काम डेकवरच्या खलाशांनाच करावे लागे. तेव्हा घरची गोष्ट खरी असायला थोरल्या आजोबांना सारंग करण्याची काहीही गरज नाही. उलट ज्याच्या हातात हुकूम नव्हता, ज्याचा पगार त्याच कामाच्या गोऱ्या खलाशापेक्षा कित्येक पटींनी कमी होता, अशा माणसाने आपली जागा सोडली नाही, यातच त्याचे मोठेपण अधिक आहे. किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत असेच झाले आहे. खलाशाचा तांडेल (सारंगाच्या हाताखालचा मुकादम), तांडेलाचा सारंग आणि सारंगाचा कप्तान होतो, आणि या बढत्यांत खरा माणूस मात्र हरवतो.

पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटिश व्यापारी बोटींवर पन्नास हजारांहून अधिक हिंदी खलाशी काम करत होते. मुंबईहून सुटणाऱ्या मोठ्या बोटींच्या डेकवर प्रामुख्याने रत्नागिरी, कच्छ आणि काठियावाडची माणसे, इंजिनात पंजाब आणि सरहद्दीकडची, तर सलूनमध्ये, म्हणजे उतारूंच्या खाण्यापिण्याच्या आणि सरबराईच्या कामावर, गोव्याची, अशी साधारण विभागणी असे. आमच्याकडचे खारवी, भंडारी, गाबीत आणि कोकणी मुसलमान एकाच गावातून, पुष्कळदा एकाच सारंगाच्या ओळखीने, एका बोटीवर चढत. त्यामुळे एक बोट बुडाली की एकाच खाडीकाठच्या अनेक घरांत रडारड होई. पहिल्या महायुद्धात सुमारे साडेतीन हजार आणि दुसऱ्यात साडेसहा हजारांहून अधिक हिंदी खलाशी मरण पावले. शत्रूच्या कैदेत पडले ते निराळेच. यांतील कुणीही सैनिक नव्हता, म्हणून गावाकडे ना संचलन झाले, ना कुणी त्यांना माजी सैनिकांच्या रांगेत बसवले.

मुंबईकडे निघालेली पर्शिया ही बोट ३० डिसेंबर १९१५ रोजी क्रीट बेटाजवळ जर्मन पाणबुडीने बुडवली. तीनशे चाळीसहून अधिक माणसे गेली. त्या बोटीचे नाव निघाले की कपूरथळ्याच्या महाराजांचे तिच्यावर असलेले जडजवाहीर आठवले जाते, त्याच्यासाठी पुढे समुद्राचा तळही धुंडाळला गेला. बोटीवरच्या हिंदी खलाशांची नावे मात्र कुणी घेत नाही. १७ सप्टेंबर १९४० च्या रात्री सिटी ऑफ बनारस ही बोट अटलांटिकमध्ये बुडाली, तेव्हा इंग्लंडहून सुरक्षित ठिकाणी पाठवल्या जाणाऱ्या ९० मुलांपैकी ७७ मुले दगावली, हे जगाला ठाऊक आहे. त्याच रात्री शंभराच्या आसपास हिंदी खलाशीही गेले. आठ दिवस समुद्रात भरकटलेल्या तिच्या एका होडीत सहा मुलगे जिवंत सापडले, त्या होडीतली बहुतेक माणसे हिंदी खलाशीच होती.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. १९३९ साली युद्ध सुरू होताच ब्रिटनच्या बंदरांत हिंदी खलाशांनी पगारवाढ आणि युद्धभत्ता मिळाल्याशिवाय बोटीवर पाऊल ठेवणार नाही असे ठणकावून सांगितले. शेकडो जणांना त्यासाठी तुरुंगवास झाला आणि अखेर पगार वाढवावा लागला. ‘आमचा आजा विलायतेत तुरुंगात होता’ ही गोष्ट एखाद्या घरात खाली मान घालून, दबक्या आवाजात सांगितली जात असेल, तर त्या घराने वर्ष ताडून पाहावे. ते १९३९ असेल तर त्या आजोबांची तसबीर ओसरीवर लावावी.

नावे शोधणे अशक्य नाही. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक मुंबईत मस्जिद बंदर परिसरातील नाविकगृहात आहे. दुसऱ्या महायुद्धातील, ज्यांना समुद्राखेरीज कबर वा चिता लाभली नाही अशा सुमारे सहा हजार व्यापारी खलाशांची नावे स्मृतिग्रंथात नोंदवली गेली, त्याची एक प्रत मुंबईसाठी आणि दुसरी चितगावसाठी केली गेली. राष्ट्रकुल युद्धस्मृती आयोगाच्या (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन) संकेतस्थळावर नावावरून शोध घेता येतो. शोधताना मात्र काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आडनाव पुष्कळदा लिहिलेलेच नसते, केवळ खलाशाचे नाव आणि वडिलांचे नाव असते. इंग्रज कारकुनाने कानावर पडले तसे लिहिल्यामुळे गावाचे नाव ओळखू येत नाही. ते मोठ्याने उच्चारून पाहावे. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला, तेव्हा मालवण-वेंगुर्ल्याचा माणूसही जुन्या नोंदीत रत्नागिरीचाच सापडेल. आजच्या रायगडचा माणूस कुलाब्याखाली शोधावा लागेल.

५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन साजरा होतो, १९१९ साली मुंबईहून लंडनला निघालेल्या सिंदिया या हिंदी मालकीच्या जहाज कंपनीच्या लॉयल्टी बोटीची आठवण त्या दिवशी काढली जाते, आणि ती काढलीच पाहिजे. त्याच दिवशी किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींनी आणि शाळांनी आपल्या गावातून बोटीवर गेलेल्या व परत न आलेल्या माणसांची नावे वाचून दाखवावीत आणि हुद्द्यासकट फलकावर लिहावीत, असे मी सुचवतो. त्यासाठी आधी यादी हवी. आपल्या दैनिकाने या सदरातच खलाशांच्या वारसांना नाव, वडिलांचे नाव, गाव, बोट आणि साल एवढे पाच तपशील पाठवण्याचे आवाहन करावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. जुनी घरे पाडून स्लॅबची बांधण्याचे काम सगळीकडे चालू आहे, आणि माळ्यावरच्या पेट्या बघता बघता भंगारात जातात. पत्र्याची नळी सापडली तर ती उघडून, कागद सावकाश सोडवून, त्याचा फोटो काढून ठेवावा. पावसाळ्यापूर्वी हे काम हाती घेतले तर पुष्कळ कागद वाचतील.

आपला नम्र,
एक वाचक
जयगड खाडीकाठ, जि. रत्नागिरी