भाई कारकून नव्हते, फेरीबोटीचे मास्टर होते

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या गेल्या बुधवारच्या अंकात चोडण येथील एका 78 वर्षांच्या गृहस्थांची निधनवार्ता आली. चार ओळींची. तीत त्यांचा उल्लेख ‘निवृत्त सरकारी कारकून’ असा होता. बातमी कुणी दिली, चूक कुठे झाली, याच्या चौकशीत मला पडायचे नाही. पण भाई कारकून नव्हते. ते फेरीबोटीचे मास्टर होते. त्यांच्याच बोटीवर मी इंजिन ड्रायव्हर होतो, 1981 पासून ते 2007 मध्ये निवृत्त होईपर्यंत. म्हणून ही दुरुस्ती करण्याचा हक्क माझा आहे असे मी समजतो. पेपरात पुन्हा नाव आलेले घरच्यांना आवडेल की नाही ठाऊक नाही, तेव्हा नाव लिहीत नाही. रायबंदरपासून दिवाडीपर्यंत सगळे त्यांना भाईच म्हणत.

मांडवीवर आता तीन पूल आहेत. फेरीबोट कधीतरी सहलीला आल्यावर बघण्यापुरती उरली, अशी पुष्कळांची समजूत झालेली दिसते. चोडण आणि दिवाडी या नदीतल्या बेटांवरच्या माणसांना मात्र बोटीचे काम काय असते ते समजावून सांगावे लागत नाही. इतरांसाठी थोडे लिहितो.

आमच्या जुन्या बोटीत मास्टर वर केबिनमध्ये आणि इंजिन ड्रायव्हर खाली इंजिनापाशी. खाली नदी दिसत नाही. धक्का किती लांब राहिला, पाणी कुठे ओढते आहे, समोरून काय येते आहे, काही म्हणता काही कळत नाही. डिझेलचा वास, उकाडा आणि कानठळ्या बसवणारा आवाज, एवढेच. वरून मास्टरने दोरी ओढली की खाली घंटा वाजते. एक टोला म्हणजे पुढे, दोन म्हणजे थांब, तीन म्हणजे मागे, असा आमच्या बोटीवरचा हिशेब होता. सव्वीस वर्षे भाई माझ्याशी कामात बोलले ते या घंटेने. ड्युटीवर असताना त्यांचे तोंड मला दिसलेच नाही म्हटले तरी चालेल.

पण दोरी ओढणाऱ्याचा हात घंटेत उतरतो. भाईंना घाई असली की टोला कोरडा यायचा. ओहोटीला पाणी जोरात ओढत असले की दोन टोल्यांमधली जागा लहान व्हायची. आणि चवथीच्या आदल्या दिवशी टोला इतका हलका यायचा की घंटेला नुसते बोट लावल्यासारखे वाटे. त्या दिवशी चोडणची माणसे पाटावर गणपती घेऊन, डोक्यावर धरून, बोटीत उभी असत. रॅम्प धक्क्याला टेकताना एक हिसका बसतो. रोज तो कुणाला जाणवतही नाही, पण डोक्यावर मातीची मूर्ती असली की तोच हिसका जिवावर येतो. भाई लांबूनच वेग उतरवत आणत, शेवटचे दहा-बारा हात बोट पाण्याच्याच ओढीवर सोडत आणि रॅम्प टेकल्याचे खाली मला समजतसुद्धा नसे. खलाशी वाकून ओरडायचा, तेव्हा कळायचे की लागली. सव्वीस चवथी गेल्या. आमच्या बोटीवर एकाही मूर्तीचे बोटसुद्धा दुखावले नाही.

5 जुलै 1986 चा शनिवार माझ्या वयाच्या गोंयकाराला सांगायला नको. मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला आणि पणजी व बार्देश यांच्यामध्ये पुन्हा नदी आली. आम्हाला पणजी-बेती मार्गावर धाडले. भर पावसाळा, डोंगरातून आलेले तांबडे पाणी, त्यात ओहोटी म्हणजे नदी बोटीला समुद्राकडे ओढून नेते. आणि धक्क्यावर माणसांचा पूर. म्हापशाकडून आलेली नोकरदार माणसे, कॉलेजची मुले, मासळीच्या टोपल्या घेतलेल्या बायका, सगळ्यांना एकाच बोटीत यायचे असे. एका सकाळी बेतीला बोट भरली, भरून वर भरली. मी एका टोल्याची वाट बघत होतो. दोन टोले आले. मग काहीच नाही. पाच मिनिटे, दहा मिनिटे. शेवटी वर जाऊन बघितले, तर भाई सुकाणू सोडून, हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसलेले. खालून लोक वाट्टेल ते बोलत होते. एकाने छत्री उगारली. भाई उठले, केबिनच्या दारात आले आणि म्हणाले, “चाळीस जाण देंवल्या बगर बोट हालची ना.” आणि परत जाऊन बसले. चाळीस माणसे उतरली, तेव्हाच घंटा वाजली. त्यांच्याविरुद्ध तक्रार गेली, लेखी खुलासा द्यावा लागला. खुलाशात त्यांनी एकच वाक्य लिहिले: बोटीत माणसे जास्त होती आणि पाणीही जास्त होते.

आता एक गोष्ट लिहितो, जी मी आजवर घरीदेखील सांगितलेली नाही.

1995 साली रात्रपाळीत मला खाली डुलकी लागली. घरात आजारपण होते, दोन रात्री झोप नव्हती, पण ते कारण सांगण्यात अर्थ नाही. वरून घंटा वाजली, मी उठलो नाही. दुसऱ्यांदा वाजली, तेव्हा जाग आली. तोवर बोट धक्क्याच्या बाजूच्या खांबाला घासली होती. कुणाला लागले नाही. भाईंनी बोटीच्या वहीत जसे घडले तसे लिहिले, दोन वेळा घंटा दिली, पहिलीला उत्तर आले नाही म्हणून. मला लेखी ताकीद मिळाली. एवढ्या वर्षांच्या माणसाने आपल्यासाठी एक ओळ गाळायला काय हरकत होती, असे मला वाटले आणि मी त्यांच्याशी बोलणे बंद केले. आठ महिने. डबा वेगळा, चहा वेगळा. धक्क्यावर ते एका टोकाला, मी दुसऱ्या. बोट मात्र रोज चालत होती. एक टोला आला की मी पुढे घालायचो, तीन आले की मागे. त्या आठ महिन्यांत त्यांचा एकही टोला रागाचा आला नाही. मी कान देऊन ऐकत होतो, म्हणून हे खात्रीने सांगतो.

पुढल्या जानेवारीतली पहाट. थंडीत नदीवर धुके बसते, तेव्हा रायबंदरहून चोडणचा काठ दिसत नाही. त्या काळी मांडवीतून खनिजाच्या बार्जी रात्रंदिवस मुरगाव बंदराकडे जात. हजार-दीड हजार टन माल भरलेली बार्ज जागच्या जागी थांबवता येत नाही, वाट आपल्यालाच द्यावी लागते. आम्ही नदीच्या मध्यावर होतो. एकाएकी घंटा सुरू झाली आणि थांबेचना. असा इशारा आमच्या हिशेबात नव्हता. तरी माझा हात टोले मोजायला थांबला नाही, मी पुरता मागे घातला. बोट थरथरली, वर बायका ओरडल्या, आणि मग बाजूने मोठे पाणी येऊन आदळले. बार्ज पुढून गेली होती. किती हातांवरून गेली ते मी विचारले नाही, त्यांनीही सांगितले नाही.

चोडणला माणसे उतरल्यावर भाई खाली आले. ते इंजिनाच्या खोलीत क्वचितच येत. दाराशी वाकून उभे राहिले आणि म्हणाले, “आज आयकलें न्ही?” मला रडू आवरेना. त्यांनी खलाशाला चहा आणायला पाठवले. त्या वहीतल्या नोंदीबद्दल आम्ही पुढे कधी एक शब्द बोललो नाही. ती नोंद बरोबर होती. हे मी त्यांना तोंडावर सांगायला हवे होते, आणि तीस वर्षे असूनही सांगितले नाही.

भाई शाळा चौथीपर्यंत शिकले होते. पण नदीचे त्यांचे गणित पक्के. कोकणच्या किनाऱ्यावर जुना ठोकताळा आहे, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सर्वांत कमी चढणारी भरती. भाई म्हणत, हा हिशेब मुंबईकडचा. मुरगावला भरती त्याआधी येते, आणि तिथून खाडी चढून रायबंदरला पोचायला पाण्याला पुन्हा वेळ लागतो. तो वेळ किती, हे त्यांनी कुणाला विचारले नाही. शंभर पानी वही घेतली आणि रायबंदर, जुने गोवे, दिवाडी, नार्वे, चोडण अशा एकेका धक्क्याचे पाणी स्वतः बघून लिहीत गेले. कोणत्या तिथीला पाणी रॅम्पच्या कोणत्या पायरीपर्यंत चढते. सुकतीला चिखल कुठे उघडा पडतो. कोणत्या पावसानंतर रेती कुठे सरकली. पावसाळ्यात ओहोटी किती लांबते. चोडणचे खाजन शेतीवाले, म्हणजे खाडीकाठी बांध घालून शेती करणारे, मानशीचे (बांधातल्या पाण्याच्या झडपेचे) दार कधी उघडायचे ते त्यांना विचारून जात, कारण भरती-ओहोटीवर त्यांचेही पोट होते. बदली मास्टर आला की भाई ती वही त्याच्यापुढे उघडून धरत. काहींनी बघितली, काहींनी नाही.

निवृत्तीनंतरही ते संध्याकाळी धक्क्यावर यायचे. 2025 च्या जुलैत रायबंदर-चोडण मार्गावर नव्या रो-रो, म्हणजे गाड्या थेट चढून-उतरणाऱ्या, बोटी आल्या. मी त्यांना हाताला धरून पहिल्याच आठवड्यात नेले. मोठी बोट, वेगही चांगला, भाई खूश झाले. गाड्यांची रांग भराभर आत जाताना बघून “हें बरें जालें” असे दोनदा म्हणाले. मग पलीकडे उतरताना त्यांनी मला विचारले, हिच्यात घंटा कुठे आहे? मी म्हटले, नसेल, आता सगळे वरूनच होते. त्यावर ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, मग वरच्याला एकट्यालाच सांभाळायचे म्हणायचे.

गेल्या सोमवारी पहाटे ते गेले. मला निरोप मिळाला तेव्हा मी रायबंदरच्या धक्क्यावर धावतच आलो. बोट सुटायच्या बेतात होती. कुणीतरी वरून मला बघितले असावे, बोट थांबली. पूर्वी असे कुणी धावत आले की भाई खलाशाला सांगायचे, “मातसो राव, कोण तरी धांवत येता.” त्यांच्या हाताखाली शिकलेला कुणी असेल का वर, की हे सगळेच करतात, विचारायचे राहून गेले.

वहिनींनी परवा मला बोलावून ती वही दिली. एकाच्या तीन वह्या झाल्या आहेत, दोऱ्याने एकत्र शिवलेल्या. निवृत्तीनंतरच्या नोंदीही त्यात आहेत. पावसाच्या पाण्याने काही पाने चिकटली आहेत, ती मी सुकवतो आहे.

तेव्हा विनंती अशी, की आपल्या दैनिकात ‘कारकून’च्या जागी ‘फेरीबोटीचे मास्टर’ अशी दुरुस्ती छापावी. त्यांचे बारावे येत्या शुक्रवारी चोडणच्या घरी आहे. ज्यांना त्यांनी इतकी वर्षे पार नेले त्यांच्यापैकी कुणी येईल तर वहिनींना बरे वाटेल. आणि आज बोटीवर काम करणाऱ्या मुलांपैकी कुणाला ती वही उतरवून घ्यायची असेल, तर मी संध्याकाळी पाचनंतर घरी असतो. रायबंदरच्या धक्क्यावर विचारले तर घर दाखवतील. बसून हवी तितकी पाने लिहून घ्यावीत, चहा मी देईन. मूळ वही मात्र घराबाहेर देणार नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त इंजिन ड्रायव्हर
रायबंदर, तिसवाडी