कुशाग्र कोण आणि चलाख कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीचा निकाल लागला की आपल्या अंकात ‘कुशाग्र बुद्धी’ची एकदम सुगी येते. ९५ टक्क्यांच्या वर गेलेला प्रत्येक जण कुशाग्र. एरवी हा शब्द भेटतो तो उद्योगपतींच्या वाढदिवसाच्या पुरवणीत, नाहीतर श्रद्धांजलीत.

कुश म्हणजे दर्भ आणि अग्र म्हणजे टोक. ज्यांनी श्राद्धाला अनामिकेत दर्भाचं पवित्रक घातलंय त्यांना ते गवत ठाऊक आहे. गणपतीच्या दूर्वा खुडताना काही होत नाही. दर्भाची पात निष्काळजीपणे ओढली की बोट चिरतं, आणि टोक तर सुईसारखं. जुन्या पंडितांनी ‘कुशल’ हा शब्दही याच गवताशी जोडला, हात न कापता कुश आणतो तो कुशल. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने काव्यप्रकाशात रूढी लक्षणेचं, म्हणजे मूळ अर्थ मागे पडून रूढीने दुसराच अर्थ चिकटतो त्याचं, उदाहरण म्हणून हाच शब्द घेतला आहे. म्हणजे कुशाग्र बुद्धी ती, जी दुसऱ्याची शिरत नाही अशा फटीत शिरते. पाठांतर दांडगं असेल तर त्याला ‘तल्लख स्मरणशक्ती’ म्हणायची सोय मराठीत आहेच. गुणांचा आणि दर्भाच्या टोकाचा संबंध असेलही, पण तो गुणपत्रिकेवरून कसा कळणार?

माझी खरी तक्रार पुढेच आहे. गेल्या महिन्यात आमच्या आठवडी बाजारात मी दुधी, दोडका आणि पडवळ घेतलं. पैसे देणार तोच भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, “काका, मिरची-कोथिंबीर नको? पथ्याचं दिसतंय. कुणाला कावीळ झाली का?” नातवाला झाली होती. मी चकार शब्द बोललो नव्हतो. मी काय उचललं आणि नेहमीचं काय ठेवून दिलं, एवढ्यावरून त्यांनी ताडलं. तेही दोन गिऱ्हाइकांचे हिशेब तोंडी चालू असताना!

कट्ट्यावर हे कौतुकाने सांगितलं तर एक निवृत्त स्नेही म्हणाले, “चलाखच असतात हो या बायका.” बघा, शब्द बदलला. मूळ फारसी ‘चालाक’मध्ये चपळाई आहे, पण आपल्या बातम्यांत चलाख असतात ते चोरटे. तीच नजर पुरवणीतल्या साहेबांकडे असती तर कुशाग्र, राजकारण्याकडे असती तर धूर्त किंवा धोरणी (तो कोणत्या पक्षाचा यावर), खेडूताकडे असती तर बेरकी. आणि वाचकाला मात्र आपण बिनदिक्कत ‘चाणाक्ष’ म्हणता! ‘चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलेच असेल’ हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलंय की काही लक्षात आलं नसलं तरी मान डोलावतो.

शब्दांवर कुणाची मालकी नसते हे कबूल. पण उपसंपादकांनी पुढच्या वेळी ‘कुशाग्र’ लिहिताना क्षणभर थांबावं, एवढी विनंती आहे. समोरचा काय पाहतो यावरून हा शब्द द्यायचा, की तो कुठे बसतो यावरून?

परवा पुन्हा बाजारात गेलो. पावशेर मिरच्या मागितल्या तर मावशींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग मूठभर कोथिंबीर वर टाकत म्हणाल्या, “उतरली वाटतं.”

आपला,
एक नियमित वाचक, सातारा