बाबा, शुक्रवारी पडदा तपासायचा आहे

ती. बाबा आणि आई,
सा. न.

शुक्रवारी सकाळी साडेदहाला सांगलीत बाबांच्या डोळ्यांचा पडदा तपासायची वेळ घेतली आहे. न विचारता घेतली, कारण विचारलं असतं तर 'दिवाळीनंतर बघू' म्हणाला असतात, आणि कुठली दिवाळी ते तुम्ही कधी सांगत नाही. पैसेही भरलेत. परत मिळत नाहीत, हे मुद्दाम लिहितोय.

बाबा, मोतीबिंदू काढल्यापासून एसटीची पाटी तुम्ही लांबून वाचता, मान्य. पण साखरेमुळे पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपायला लागतात तेव्हा सुरुवातीला काहीच कळत नाही. दुखत नाही, नजरही तशीच असते. आत्याला कळलं तेव्हा... जाऊ दे, तो विषय नको. चष्म्याच्या दुकानात नंबर काढतात तिथे हे दिसत नाही. थेंब घालून, बाहुली मोठी करून आत बघावं लागतं, आणि मधुमेह असला की वर्षातून एकदा तरी. लवकर सापडलं तर बहुतेकदा साखर आणि बीपी सांभाळून भागतं. उशीर झाला तर लेसर, डोळ्यात इंजेक्शनं, आणि गेलेली नजर बहुधा परत येत नाही. घाबरवत नाहीये हं. तुमचं सगळं ठीकच निघेल असं मला वाटतं.

साखरेचं मात्र बोलायलाच हवं. रक्त द्यायच्या आधी चार दिवस तुम्ही संन्यासी होता, उपाशीपोटीची साखर छान येते, आणि त्याच संध्याकाळी खारी-नानकटाई! एचबीएवनसी ८.९ आलं ते त्यामुळेच. त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब असतो, चार दिवसांच्या सोवळ्याला ते भुलत नाही. तुम्हाला आकडे लागतात म्हणून सांगतो: ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ साली आले. ज्यांचा हा आकडा ७ च्या आसपास राहिला, त्यांचे डोळ्या-किडनीचे त्रास ७.९ वाल्यांपेक्षा साधारण पाव हिश्शाने कमी होते. बीपी आटोक्यात ठेवल्याचाही डोळ्यांना फायदा दिसला. तेव्हा ती गोळी 'आज बरं वाटतंय' म्हणून सोडायची नाही.

आणि आता हट्टाने जेवणच सोडाल, तेही नको. डॉक्टर म्हणाले, तुमच्या वयाला साडेसातच्या आसपास पुरे. साखर फार उतरली तर चक्कर येऊन पडाल, आणि झपाट्याने खाली आली तर पडद्याचा त्रास उलट काही काळ वाढू शकतो.

आई, गुळाचा चहा म्हणजे साखरेचाच चहा गं. तू मायेने करतेस, ठाऊक आहे. भाकरी, आमटी, तुझी मेथीची भाजी काही बंद होत नाहीये. भाकरी दोनाऐवजी दीड आणि भाजी जास्त, एवढंच. माझ्या डोळ्यात कुसळ गेलं की पदराचा बोळा करून, त्यावर फुंकर घालून तू शेकायचीस. मी तर कधीकधी उगाचच डोळा चोळत यायचो.

शुक्रवारी नाश्ता आणि गोळ्या नेहमीसारख्या घ्या. मोतीबिंदूचे कागद, रक्ताचे रिपोर्ट, गोळ्यांची यादी पिवळ्या पिशवीत घाला. थेंबांनंतर काही तास धूसर दिसतं, ऊन सोसत नाही, म्हणून काळा चष्मा घ्या आणि त्या दिवशी स्कूटरला हात लावू नका. सुहास नऊला गाडी घेऊन येतोय. आई, तू पुढे बस, मागे तुला मळमळतं. डॉक्टरांनी काय सांगितलं ते त्यांच्यासमोरच मला फोन लावून ऐकवायचं, घरी आल्यावर बाबांच्या शब्दांत नको.

तुमचा,
बाळू