नोंदणी होईपर्यंत सुई नको

चि. प्राजक्तास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू घाईत होतीस, म्हणून नुसतं ऐकून घेतलं. ब्रिटनमधल्या तुझ्या त्या जनावरांच्या दवाखान्यात रात्रपाळीला माणसं कमी, त्यात तो कुत्रा आला, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुला येतंय ना, लाव कॅन्युला." ती शिरेतली नळी तू लावली नाहीस म्हणालीस. पण त्याआधी जरा थांबलीस. ते थांबणं डोक्यातून जात नाही.

बाळा, तिथे जनावरांची नर्स म्हणून नोंदणी होईपर्यंत सुई हातात घेऊ नकोस. तिथला १९६६ चा पशुवैद्यकांचा कायदा तूच मला सांगितलास. रॉयल कॉलेज, म्हणजे तिथली पशुवैद्यकांची नोंदणी करणारी संस्था, तिच्या रजिस्टरवर नाव असेल तर डॉक्टरांच्या सांगण्यावरून नर्सने इंजेक्शन द्यावं, सलाईन लावावं, पोट-छाती न उघडता छोटी शस्त्रक्रियाही करावी. नाव दाखल केलेल्या शिकाऊ मुलींनाही देखरेखीखाली मुभा. तू आज दोन्हीत नाहीस. बाईंनी अडचणीत म्हटलं असेल, पण उद्या जनावर दगावलं तर विचारणा तुझ्याकडेही होईल.

मी जन्मभर आपल्याकडच्या १९८४ च्या पशुवैद्यक कायद्यातल्या कलम ३० वर नोकरी केली. किरकोळ सेवा, त्याही नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली. पेठ-दिंडोरीकडे लोक मला डॉक्टरच म्हणायचे. रात्री गाय अडली की दारात येऊन बसायचे, आणि नाही म्हणताना जीव तुटायचा. असो, पुन्हा लेक्चर सुरू झालं. रागावू नकोस.

तुझ्या हाताबद्दल मला शंका नाही. २०२२ च्या लम्पीत मखमलाबादच्या त्या वासराचं अंग गाठींनी भरलेलं, पाणी कमी झालेलं, मानेची शीर मला लागेना. तू मान जराशी वळवलीस, अंगठ्याने खाली दाब दिलास, शीर फुगायची वाट पाहिलीस आणि एकाच टोचणीत रक्त आलं. मालकाने तुला हात जोडले. तुझी आई अजून सगळ्यांना सांगते. त्या हाताने तू आज पिंजरे धुतेस, हे तिला सोसत नाही. मलाही नाही. पण धू. धुताना बघत राहा. आपला डिप्लोमा गाय, म्हैस, शेळी, कोंबडीचा. तिथे कुत्र्या-मांजरांची भूल, दातांचं काम, शस्त्रक्रियेनंतरची राखण. भूल दिलेल्या जनावराचा श्वास, हिरड्यांचा रंग कोण कसा बघतंय ते टिपून ठेव. रॉयल कॉलेज तुझं शिक्षण तिथल्या नर्सच्या शिक्षणाशी ताडून बघेल तेव्हा कमी पडेल ते इथेच पडेल.

आत्याचा गुडघा तसाच आहे. दादाने पैशांचं विचारलं, मी काही बोललो नाही. तूही बोलू नकोस.

अभ्यासक्रमाची तासांसकट प्रत हवी म्हणालीस ना? सोमवारी कॉलेजात जातो. तिथे नाही झालं तर नागपूरला विद्यापीठात जाईन, रेल्वेचं बघून ठेवलंय. शिक्का इंग्रजीतच हवा का, ते कळव.

आणि बाईंनी पुन्हा तसं म्हटलं, तर तू काय उत्तर दिलंस ते मला त्याच दिवशी सांग. कितीही वाजले असले तरी फोन कर.

तुझे,
अण्णा
पंचवटी, नाशिक